बशीतलं काळीज

आमच्या प्रयोगशाळेत आलं सोलायचा दिवस असला की वास जिन्यापर्यंत जातो. खालच्या मजल्यावरचे विद्यार्थी वर डोकावून चहा कुठे आहे म्हणून विचारतात. पनवेलच्या बाहेर, हमरस्त्याला लागून असलेल्या एका फार्मसी कॉलेजात मी संशोधन करते, आणि गेली काही वर्षं माझ्या बोटांना आल्याचा वास कायमचा चिकटला आहे. आलं धुवायचं, सोलायचं, थंडगार खारट पाण्यात वाटायचं, गाळायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. आधी हळू फिरवलं की चोथा खाली बसतो. मग वरचं पाणी घेऊन ते प्रचंड वेगाने कितीतरी वेळ फिरवत ठेवायचं. एवढं सगळं झाल्यावर नळीच्या तळाशी, साबणाचा फेस वाळून राहावा तसा एक फिकट डाग उरतो. मला हवा असतो तो तेवढाच.

त्या डागात आल्याच्या पेशींनी स्वतःच तयार केलेल्या बारीक बारीक पिशव्या असतात. इतक्या बारीक की एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील. त्यांना आम्ही नॅनोकण म्हणतो. बाहेरून तेलकट वेष्टन आणि आत आल्याचा अर्क म्हणावा असा माल. वेष्टन तेलकट असल्यामुळे या पिशव्या माणसाच्या पेशींतही शिरू शकतात. हार्ट अटॅक येतो तेव्हा हृदयाच्या ज्या भागाला रक्त मिळत नाही तो भाग मरतो. तिथे नंतर व्रण धरतो, आणि व्रण काही आकुंचन पावत नाही, नुसता जागा अडवून बसतो. पण त्या मेलेल्या भागाच्या कडेला काही पेशी अर्धमेल्या असतात, सूज उतरली नाही तर त्याही जातात. आल्यातल्या या पिशव्या देऊन त्या कडेच्या पेशी वाचवता येतील का, एवढाच माझा प्रश्न. प्रश्न लहान आहे, पण त्याने माझी विशीची शेवटची आणि तिशीची पहिली वर्षं खाल्ली.

घरी मी हे एकदाच समजावून सांगितलं होतं. आईने त्यातलं तिला हवं तेवढं घेतलं आणि सगळ्या नातेवाइकांत सांगून टाकलं की पोरगी आल्यापासून हार्टचं औषध बनवते. मी दुरुस्त करायला गेले नाही. लग्नात, बारशाला कुणीतरी विचारायचं, आपण हसायचं, विषय संपायचा. मग ज्या वर्षी बाबांना अटॅक आला त्या वर्षी हे हसणं महाग पडायला लागलं.

बाबा मूळचे उरणजवळच्या करंज्याचे. स्वतःची बोट होती. मी पाचवीत गेले तेव्हा माझ्या शाळेसाठी त्यांनी पनवेलला बिऱ्हाड केलं, आणि पुढे वय झालं तशी बोट विकून समुद्रावर जाणं सोडलं. पण बंदर सोडलं नाही. पहाटे उठून स्कूटरने करंज्याला जायचं, बोटी लागल्या की लिलावात आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, माल निवडून द्यायचा, चार लोकांशी भांडायचं, आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचं, हा त्यांचा नेम. त्या सकाळी लिलाव चालू असताना त्यांना दरदरून घाम फुटला. छातीवर कुणी नांगर ठेवल्यासारखं वाटत होतं, असं ते नंतर म्हणाले. तेव्हा मात्र पित्त झालं म्हणून सोडा प्यायले आणि परत बोली लावायला उभे राहिले. आत्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली सुरमई टोपलीत टाकून, बर्फ उतरवून निघालेला टेम्पो अडवला. त्या टेम्पोतून त्यांना उरणच्या दवाखान्यात आणि तिथून रुग्णवाहिकेने पनवेलला आणलं. आयसीयूच्या दारात मी पोचले तेव्हा नर्स आत्याला बाहेर थांबायला सांगत होती, आणि आत्या सांगत होती की मला मासळीचा वास येतो हे मला माहीत आहे, पण भाऊ माझा आहे.

वेळेवर आणलं म्हणून वाचले. बंद झालेली रक्तवाहिनी उघडून तिथे स्टेंट बसवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला इकोची चित्रं दाखवली. हृदयाची पुढची भिंत नीट हलत नव्हती. बाकीचं हृदय मुठीसारखं आवळत होतं आणि तो एक भाग दमून बसल्यासारखा मागे राहत होता. अशी चित्रं मी किती बघितली असतील त्याला गणती नाही. संगणकावर, शोधनिबंधांत, परिषदांत. त्या दिवशी मात्र मला पुढे काय विचारायचं ते सुचेना. डॉक्टरच म्हणाले की काही भाग गेला आहे, पण बराचसा शाबूत आहे. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि हळूहळू चालायला लागायचं. माणूस छान जगतो.

बाबा घरी आले आणि बाल्कनीतल्या खुर्चीत बसले. मग तिथेच बसून राहिले. ज्या माणसाला घरात सकाळच्या वेळी कधी कुणी पाहिलं नव्हतं तो संडासला जाताना भिंतीला हात लावून जाऊ लागला. चाला म्हटलं की उद्या म्हणायचे. आई म्हणाली, चला, आपण खाली फाटकापर्यंत जाऊ. त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू ती त्यांना रायगड चढायला सांगते आहे. जेवायचे, गोळ्या घ्यायचे, कुणी आलं तर बोलायचे. फक्त हलायचे नाहीत. रात्री झोपताना एक हात छातीवर ठेवून झोपतात, असं आईने मला हळूच सांगितलं.

भेटायला येणाऱ्यांची मात्र रीघ लागली, आणि प्रत्येकाच्या पिशवीत आलं. पोरगी आल्यापासून हार्टचं औषध बनवते हे सगळ्यांना ठाऊक होतंच. मग शहाळी कशाला न्यायची? आमच्या स्वयंपाकघरात आल्याचा ढीग झाला. आईने आल्याच्या वड्या केल्या, लोणचं घातलं, शेजाऱ्यांना वाटलं, तरी ढीग कमी होईना. मी आलेल्या प्रत्येकाला दारातच सांगायचे की आलं खाणं वेगळं आणि आमचं काम वेगळं. ते मान डोलवायचे, आणि जाताना आईच्या कानात सांगून जायचे की रोज सकाळी रस द्या. आत्या तर सांगण्यावर थांबली नाही. मी कॉलेजात असताना ती आली आणि भावाला पेला भरून आल्याचा रस पाजून गेली. पुढे दोन-तीन दिवस तिचा हाच क्रम. बाबांच्या पोटात आग पडली. छातीत जळजळतंय म्हटल्यावर पुन्हा अटॅक आला असं वाटून आम्ही सगळे धावत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि रस कुणी दिला म्हणून विचारलं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असताना असले पेले रिचवायचे नसतात, असं त्यांनी जरा कडक शब्दांत सुनावलं. आत्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली की औषध हिचंच आहे. त्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचे भाव आठवले की मला अजून हसू येतं. तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. बाबा खुर्चीत होते. खाली पुलावरून गाड्या चालल्या होत्या. रस्त्याकडे बघतच ते म्हणाले,

"बाय, येक इचारू? तुज्याकडं औषध हाय ना. मंग मना का नाय देत?"

मी हातातला टॉवेल दोरीवर टाकला आणि त्यांच्याजवळ खाली बसले. या प्रश्नाची मला भीती होती, पण तो आल्यावर खोटं बोलावंसं वाटलं नाही. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. आमच्याकडे आहे ते औषध नाही, औषध होईल की नाही हे शोधायचं काम आहे. रस प्यायला तर त्या पिशव्यांचं पोटात काय होतं, हृदयापर्यंत किती पोचतं, हेच नीट माहीत नाही. सध्या आम्ही बशीत वाढवलेल्या पेशींना देऊन बघतो. ते जमलं तर उंदरांना. तिथे जमलं तर मोठ्या जनावरांना. मग कधीतरी माणसांना, तेही नियमाने, थोड्या थोड्यांना. मध्ये कुठेही गाडी अडू शकते, आणि बहुतेक वेळा अडतेच.

त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले,

"म्हंजे माज्या कामाचं नाय."

"नाही, बाबा. तुमच्या कामी यायचं नाही."

"मंग कुनाच्या?"

"पुढच्या कुणाच्यातरी. माझ्याएवढी आज जी माणसं आहेत ना, ती तुमच्या वयाची होतील तेव्हा त्यांच्या."

मला वाटलं, आपण एका घाबरलेल्या माणसाच्या हातातली काठी काढून घेतली. चहा ठेवायला म्हणून उठले तर मागून म्हणाले, "मंग दाकव तरी मना येकदा. काय करतेस ती बगू दे."

आमच्या मॅडमना, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्यांना, मी विचारलं. मॅडम शिस्तीच्या. प्रयोगशाळेत पाहुणे आणलेले त्यांना खपत नाहीत. पण बाबांची हकिगत त्यांना माहीत होती. शनिवारी दुपारी आणा म्हणाल्या, गर्दी नसते.

बाबांनी लग्नाकार्याला घालायचा पांढरा सदरा घातला. आईही निघाली. कॉलेजच्या लिफ्टमध्ये बाबा दांडी घट्ट धरून उभे होते. वर गेल्यावर त्यांना झगा चढवला, पायांत निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या आणि डोक्यावर टोपी. आईने त्यांना बघितलं आणि तोंडाला पदर लावला. मग काचेत स्वतःला बघून बाबाही हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

त्या सुमाराला आमच्याकडे हृदयाच्या पेशी नुकत्याच आल्या होत्या. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेतून त्या गोठवलेल्या स्थितीत आम्ही आणतो आणि उबेत ठेवून बशीत वाढवतो. सपाट काचेसारखी प्लास्टिकची बशी असते. आरंभी कितीतरी दिवस पेशी नुसत्या पडून होत्या. मी आणि मॅडम रोज सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावायचो आणि एकमेकींकडे बघून मान हलवायचो. मग एका सकाळी एका कोपऱ्यात काहीतरी थरथरलं आणि दोन दिवसांत अख्खी बशी ठोके देऊ लागली. बाबा आले तेव्हा अशा तीन बशा तयार होत्या. एक धडधाकट. दुसरीतला प्राणवायू आम्ही काही वेळ काढून घेतला होता, म्हणजे बशीपुरता अटॅकच आणला होता म्हणा. तिसरीलाही तेच केलं होतं, पण नंतर तिला आल्याचे कण दिले होते.

मी पहिली बशी लावली. बाबांना आधी स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मॅडमनी त्यांना खुर्ची वर करून दिली, एक डोळा मिटा म्हणाल्या. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि वाकले. जरा वेळाने त्यांचा श्वास थांबल्यासारखा वाटला आणि मी घाबरून पुढे झाले.

"हालतंय," ते म्हणाले.

मग आईने बघितलं. ती म्हणाली, "तान्ह्या पोराची टालू उडते ना, तशी उडते गं." मी इतकी वर्षं या क्षेत्रात आहे, पण धडधडणाऱ्या पेशींचं याहून नेमकं वर्णन मी कुठे ऐकलेलं नाही. मॅडमनीही ते वाक्य पुढे वर्गात कितीदा तरी वापरलं.

बाबांना प्रश्न पडला की हे काळीज आहे तरी कुणाचं. मी सांगितलं की कुण्या एका माणसाने कातडीचा बारीकसा तुकडा दिला असेल. त्या पेशींना मागे नेऊन, गर्भातल्या पेशींसारखं कोवळं करून, मग त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी घडवतात. तो माणूस जिवंत आहे का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. असेल की, मी म्हटलं, कुठेतरी ऑफिसात बसला असेल. बाबांना याची इतकी गंमत वाटली की ते आईला पुन्हा समजावून सांगू लागले, मानूस तिकडं आणि कालीज हितं.

मग दुसरी बशी. मी काही सांगायच्या आत त्यांनी विचारलं, "यो माज्यासारका?"

"असंच काहीसं," मी म्हटलं.

त्या बशीत मध्ये मोठा भाग निपचित होता. कडेकडेने पेशी ठोके देत होत्या, काही नेमाने, काही अडखळत. बाबा बघत राहिले. मागे मॅडम कशाची तरी नोंद करत होत्या. आईने माझ्या दंडाला धरलं होतं. मला वाटत होतं की ही बशी दाखवायला नको होती.

डोळा न काढताच ते म्हणाले, "मेलेली गप हायेत. पन बाकीची थांबली नाय गं, बाय."

मी तिसरी बशी लावली.

तिसऱ्या बशीत ठोके अधिक ठिकाणी होते आणि एका तालात होते. बाबांनी लगेच निकाल लावला की आलं लागू पडलं. मॅडम पुढे आल्या आणि त्यांनी बाबांना शिकवल्यासारखं नाही, सहकाऱ्याशी बोलावं तसं सांगितलं की एका बशीने काही सिद्ध होत नाही. पुन्हा पुन्हा करावं लागतं. कुठली बशी कुठली हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून मोजून घ्यावं लागतं, नाहीतर आपले डोळे आपल्यालाच हवं ते दाखवतात. बाबांना ते पटलं. एका खेपेला जाळं भरलं म्हणून त्या जागी रोज मासळी मिळत नाही, असं ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच.

निघताना मी लिफ्टचं बटण दाबलं. मागे वळून बघते तर बाबा जिन्याच्या तोंडाशी उभे. उतरायचंच तर आहे, म्हणाले, आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. आई त्यांच्या एक पायरी पुढे, तोंड मागे करून उतरत होती, पडले तर झेलायला. तिच्या अंगकाठीने तिने त्यांना कसं झेललं असतं ते तिचं तीच जाणे.

दुसऱ्या दिवशी ते फाटकापर्यंत गेले. मग वाण्यापर्यंत. डॉक्टरांना विचारून विचारून हे अंतर वाढवत नेलं, आणि महिन्याभराने दोघं वडाळे तलावाला फेरी मारायला जाऊ लागले. तिथे सकाळी चालणाऱ्यांचा एक घोळका आहे. त्यातल्या निम्म्यांना स्टेंट आहे किंवा साखर. बाबांनी त्या सगळ्यांना बशीतल्या काळजाची गोष्ट सांगितली. ती रोज थोडी वाढत गेली. एकदा मी बरोबर गेले तर एका निवृत्त बँकवाल्यांनी मला अदबीने विचारलं की तुमच्याकडे अख्खं हृदय ठेवलेलं आहे म्हणे. बाबा दुसरीकडे बघत होते.

इकडे प्रयोगशाळेत मात्र गाडी अडली. पुन्हा केलेल्या प्रयोगांत एकदा उत्तम निकाल यायचा, एकदा काहीच नाही. शोधता शोधता कळलं की दोष आल्यात आहे. बाजारातलं आलं कधी साताऱ्याचं, कधी कर्नाटकातलं, कधी कोवळं, कधी गोदामात पडून सुकलेलं. त्यामुळे त्यातून निघणारे कणही दर वेळी वेगळे. काही लहान, काही मोठे, काही फुटलेले. मॅडम म्हणाल्या, एकच बियाणं, एकच माती, एकदाच काढलेलं पीक असं आलं मिळालं पाहिजे. हे मी घरी जेवताना वैतागून सांगितलं. आई चिरनेरजवळच्या गावातली, शेतकऱ्याच्या घरातली. तिने आमटी वाढता वाढता म्हटलं, "आलंच ना? लावू की आपुन." मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, बघा लावून, आपल्याला काय, तपासून बघू.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी करंज्याहून मासळीच्या रिकाम्या थर्माकोलच्या पेट्या आणवल्या. आत्यानेच टेम्पोतून पाठवल्या, बहुधा रसाची भरपाई म्हणून. आईने त्या घासून घासून धुतल्या, उन्हात ठेवल्या, तरी गच्चीवर आठवडाभर कावळे आणि मांजरं यांची जत्रा भरली. सोसायटीचे सेक्रेटरी वर येऊन नाक मुरडून गेले. बाबांनी त्यांना गच्चीवर बसवून घेतलं आणि हृदयाची पुढची भिंत, कडेच्या पेशी, सगळं समजावून सांगितलं. सेक्रेटरींना स्वतःलाच रक्तदाब होता. जाताना ते, पाण्याचा नळ वरच आहे, वापरा, असं सांगून गेले.

मे महिन्याच्या शेवटी आईने एकाच बियाण्याचे कोंब आलेले तुकडे लावले. पेट्यांना खालून भोकं पाडणं, माती कालवणं, शेणखत घालणं, सगळं तिने सांगितलं आणि बाबांनी बसल्या बसल्या केलं. पावसाळ्यात त्यांच्या उत्साहाने थोडा घात केला. आभाळ भरलेलं असतानाही ते झारी घेऊन वर जायचे. काही पेट्यांतलं आलं कुजलं. तेव्हा आईने झारी कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाकीच्या पेट्यांत मात्र हिरवीगार पानं उभी राहिली. संध्याकाळी कॉलेजातून आले की मी आधी गच्चीवर जायचे. दोघं पालथ्या बादल्यांवर बसलेली असायची, आई पानं चाचपत, बाबा कर्नाळ्याच्या सुळक्याच्या दिशेला तोंड करून वारा खात. त्यांना इतका वेळ एकत्र बसलेलं मी लहानपणी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा एक समुद्रावर असायचा आणि दुसरी घरात वाट बघत.

मध्ये त्यांचा इको पुन्हा झाला. हृदय आधीपेक्षा बऱ्यापैकी जोर लावत होतं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आणि चालणं, दोन्ही मनापासून केलंत. आत्याने फोनवर ऐकलं आणि म्हणाली की आलंच ते. मी वाद घातला नाही. तिच्याशी वाद घालून लिलावातही कुणी जिंकलेलं नाही.

पानं पिवळी पडून मान टाकायला लागली तसं जानेवारीत आम्ही आलं काढलं. पेटी उलटी केली की मातीत पंजे पसरल्यासारखे गड्डे. आई ते झटकून द्यायची, मी धुवायचे, बाबा मुळं खुडायचे. दुसऱ्या दिवशी मी ते थंड डब्यात घालून कॉलेजात नेलं. वाटणं, गाळणं, फिरवणं, सगळं नेहमीसारखंच. नळीच्या तळाशी नेहमीसारखा डाग. मग कणांचा आकार मोजायच्या यंत्रात थेंब टाकला आणि पडद्यावर आलेख उमटायची वाट बघत बसले. बाजारच्या आल्याचा आलेख उंचसखल डोंगररांगेसारखा येई. या वेळी एकच सुळका आला, अरुंद आणि नीट. मी मॅडमना हाक मारली. त्यांनी चष्मा सारखा केला, बघितलं आणि पुन्हा करा म्हणाल्या. पुन्हा केलं, तेच आलं. दुसऱ्या पेटीतल्या आल्याचं केलं, तेच आलं. मॅडम खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "आईला फोन लावा."

पुढच्या आठवड्यांत बशांवरचे प्रयोग झाले. मोजणाऱ्या विद्यार्थिनीला कुठली बशी कुठली ते माहीत नव्हतं. कण दिलेल्या बशांमध्ये अधिक पेशी वाचल्या होत्या आणि ठोके अधिक नेमाने पडत होते, आणि हे एकदा नाही, सगळ्या खेपांना. आता पुढचं काम उंदरांवर, दुसऱ्या एका संस्थेत होणार आहे. बाबांनी विचारलं की त्या उंदरांना दुखेल का. भूल देतात, काळजी घेतात, असं मी सांगितलं. तरी ते जरा वेळ अस्वस्थ होते.

निकाल पक्के झाल्याच्या रविवारी आईने पोपटी लावायची ठरवली आणि मॅडमनाही बोलावलं. वालाच्या शेंगांचा हंगाम संपत आला होता. इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत बाबांनी मडक्यात भांबुर्डीचा पाला पसरला, वालाच्या शेंगा, बटाटे आणि रताळी भरली. मॅडम शाकाहारी आहेत म्हणून या वेळी कोंबडी आणि अंडी वेगळ्या मडक्यात. मडकं उपडं ठेवून भोवती गवत-काटक्या पेटवल्या. संध्याकाळ होत होती. मॅडम रिक्षातून उतरल्या, साडी सावरत आल्या आणि विटेवर बसल्या. आत्या करंज्याहून आली होती. तिने त्यांना पहिल्या भेटीतच सांगितलं की रसाची गोष्ट खरी आहे पण मी चांगल्या मनाने दिला होता. मॅडम म्हणाल्या, मन चांगलंच होतं, माप चुकलं. आत्याला हे उत्तर फार आवडलं.

मडकं फोडलं आणि वाफेबरोबर पाल्याचा वास सगळीकडे पसरला. सेक्रेटरीही वासावर खाली आले. बोटं भाजत आम्ही शेंगा सोलत होतो, तेवढ्यात शेजारच्या इमारतीतली हळद सुरू झाली आणि गल्लीत बेंजो पार्टी वाजायला लागली. पहिलंच गाणं कोळीवाड्यातलं. आत्या उठली. तिने आईला ओढलं. आई मॅडमना ओढायला गेली, मॅडम नको नको म्हणत उभ्या राहिल्या आणि हातातली शेंग न सोडता नाचू लागल्या.

बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना परवानगी हवी होती, आणि ती मी द्यायची आहे याचं मला हसूही येत होतं.

"हळू," मी म्हटलं. "दम लागला की थांबायचं."

"हा," म्हणाले आणि सदऱ्याच्या बाह्या दुमडून पुढे गेले. वल्हं मारल्यासारखे दोन्ही हात मागे-पुढे करत, पाय फारसे न उचलता, ते आपल्याच संथ तालात नाचत होते. बेंजो दुप्पट वेगाने चालला होता. त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. हळदीतली तरुण मुलं त्यांच्याभोवती गोल करून टाळ्या वाजवायला लागली. एक गाणं झालं, दुसरं अर्धं झालं आणि ते स्वतःहून थांबले. येऊन माझ्याजवळ बसले. कपाळावर घाम होता, श्वास ठीक होता. मी तरी मनगट धरलंच. त्यांनी धरू दिलं आणि दुसऱ्या हाताने माझ्या पानातली सोललेली शेंग उचलून तोंडात टाकली.